दहापैकी किती?

हे लिहायला मी मुद्दाम दीड वर्ष थांबले. नसेचं दुखणं कमी करायला पाठीत स्टिम्युलेटर नावाचं विजेचं यंत्र बसवलं, त्या पहिल्याच महिन्यात लिहावंसं वाटत होतं, पण तेव्हा हातून उतरलं असतं ते हरखून गेलेल्या माणसाचं लिहिणं. रात्री दोन वाजता एका कुशीवर पडून, फोनवर कुणाचा तरी अनुभव शोधणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नसतो. हे मला ठाऊक आहे, कारण सहा वर्षं मी तेच करत होते.

मागचं थोडक्यात सांगते. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली, नस दबली आणि डाव्या पायात चमका निघायला लागल्या. पहिलं ऑपरेशन झालं, अकरा महिने बरे गेले, मग पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी स्क्रू घालून मणके जोडले. त्यानंतरच्या एमआरआयमध्ये सगळं जागच्या जागी होतं, नसही मोकळी दिसत होती. दुखणं मात्र गेलं नव्हतं, त्याने फक्त रूप बदललं होतं. मांडीच्या मागून पोटरीत आणि पोटरीतून तळपायापर्यंत अखंड आग, आणि मधूनच विजेचा झटका बसावा तशी चमक. पायावर पातळ चादरही सहन होत नसे. रात्री पाय पांघरुणाबाहेर काढून झोपायचं, तर थंडीने तो आणखी ठणकायचा.

या अवस्थेला डॉक्टरी भाषेत बरीच वर्षं ‘फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम’ म्हणत आले. आता ‘पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम’ असं नाव दिलंय, ते फार बरं झालं. मी शाळेत गणित शिकवते. स्वतःच्या फाइलवर ‘फेल्ड’ शब्द वाचला की नापास आपणच झालो, असं वाटत राहायचं.

गोळ्या चालू होत्याच. नसांच्या दुखण्यावर देतात त्या प्रीगॅबालिनचा डोस वाढत गेला, आग थोडी निवली, पण डोक्यावर धुकं आलं. एके दिवशी नववीच्या वर्गात फळ्यावर वर्गसमीकरण सोडवत होते. दोन पायऱ्या लिहिल्या आणि तिसरी सुचेना. ज्या पायऱ्या वीस वर्षं झोपेतही सांगितल्या असत्या, त्याच. पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच सांगितली. मी ती लिहिली, पुढचं उदाहरण मुलांना करायला दिलं आणि खुर्चीत बसले. दुखण्यामुळे मी पुष्कळदा रडले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

सर्जननी शेवटी पेन क्लिनिकची चिठ्ठी दिली. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत एक गोष्ट सांगितली, जी मला सहा वर्षांत कुणी सांगितली नव्हती. “दबलेली नस मोकळी करता येते. तुमची मोकळी झालीय. पण ती इतके दिवस दबून दुखावलीय. आता दाब नसतानाही ती वर मेंदूला ‘दुखतंय, दुखतंय’ असा निरोप पाठवत राहते. तिसरं ऑपरेशन करून हा निरोप थांबणार नाही.” तिसऱ्या ऑपरेशनचा विचार माझ्या डोक्यात होताच. तो तिथेच गळून पडला.

मग त्यांनी स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशनबद्दल सांगितलं. कोपर दाराच्या कडेवर आपटलं की आपण विचार न करता ते चोळतो आणि चोळलं की बरं वाटतं. असं का होतं, याचं एक उत्तर १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी मांडलं. स्पर्शाची खबर जाड नसतंतूंमधून येते, दुखण्याची बारीक तंतूंमधून. मज्जारज्जूत शिरताना या दोन्ही खबरा जणू एकाच दारापाशी येतात. जाड तंतू जागे केले की दार बारीक तंतूंसाठी लोटलं जातं. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, अमेरिकेत नॉर्मन शीली या न्यूरोसर्जननी माणसाच्या मज्जारज्जूपाशी इलेक्ट्रोड बसवून हे चोळणं विजेने करून पाहिलं. आजचं यंत्र त्याच घराण्यातलं. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, पाठीच्या बाजूने एक-दोन बारीक तारा सरकवायच्या, त्यांना लीड म्हणतात. प्रत्येक तारेच्या टोकाशी धातूची छोटी छोटी कडी असतात, माझ्या तारांना आठ-आठ आहेत. बॅटरी कमरेखाली कातडीच्या आत बसते. दुखणाऱ्या भागात आगीऐवजी सौम्य मुंग्या जाणवतात. आताच्या काही पद्धतींमध्ये मुंग्याही येत नाहीत, तरी दुखणं कमी होतं. ते नेमकं कसं, हे नुसत्या दाराच्या कल्पनेने उलगडत नाही, असंही मॅडमनी मोकळेपणाने सांगितलं.

मी विचारलं, “किती जाईल?”

“निम्मं गेलं तर आम्ही यशस्वी म्हणतो. पायाचं दुखणं जास्त ऐकतं, कमरेचं कमी. तळपायापर्यंत पोचणं अवघड असतं. आणि नस बरी होत नाही, यंत्र बंद केलं की दुखणं आहे तिथेच असतं.”

निम्मं. दुखणं दहापैकी किती, हे डॉक्टर दर वेळी विचारतात. माझा आकडा तेव्हा आठ होता. म्हणजे चार. ज्याला हे दुखणं नाही त्याला चार ऐकून वाईट वाटेल, पण मला आठवत होतं की चारवर मी पूर्ण तास उभी राहून शिकवलेलं आहे.

घरी येऊन वाचायला बसले आणि २०२२ सालचा नॉर्वेतला एक अभ्यास समोर आला. पाठीच्या ऑपरेशननंतरही पाय दुखणारे पन्नास रुग्ण. सगळ्यांना यंत्र बसवलेलं, पण काही महिने ते खरोखर चालू आणि काही महिने रुग्णाला न कळता बंद. दोन्ही काळांत त्यांच्या रोजच्या हालचालींतल्या अडचणीत लक्षणीय फरक दिसला नाही. मी हादरले. पुढच्या भेटीत तो कागद मॅडमपुढे ठेवला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “तो अभ्यास विजेच्या एका विशिष्ट पद्धतीचा आहे, ‘बर्स्ट’ म्हणतात तिला. फायदा दाखवणारे अभ्यासही आहेत. पण यावर वाद आहे, हे खरंय. म्हणून तर आधी ट्रायल करायची, म्हणजे काही दिवस तारा तात्पुरत्या घालून पाहायचं. तुम्हाला पटलं नाही तर तारा काढून घरी जा.”

दुखणारा माणूस भोळा होतो. इतकी वर्षं सोसल्यावर एखादी गोष्ट लागू पडावी असं इतकं वाटतं, की ती लागू पडली असं तो स्वतःच ठरवून टाकतो. मी स्वतःला ओळखून होते. म्हणून तिथेच विचारलं, “माझी परीक्षा तशीच घेता येईल का? मला न सांगता एक दिवस यंत्र बंद?”

मुंग्यांचा प्रोग्रॅम असेल तर ते शक्य नाही, मुंग्या थांबल्या की लगेच कळतं. पण मुंग्या न येणाऱ्या प्रोग्रॅमवर करता येईल, असं त्या म्हणाल्या. एक अट घातली. परिणाम काही तास रेंगाळतो, त्यामुळे तास-दोन तास बंद करून काही समजत नाही. आदल्या रात्रीपासून पूर्ण दिवस बंद ठेवायचं.

ट्रायलच्या आधी बऱ्याच तपासण्या झाल्या. साखर तपासली, कारण ती वाढलेली असेल तर जंतुसंसर्गाची भीती जास्त. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेता का, हे तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारलं. मणक्याच्या पोकळीत रक्त साचलं तर मज्जारज्जूवर दाब येतो, म्हणून ही काळजी. मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं, तेव्हा मला अपमान वाटला. माझं दुखणं मनाचं आहे असं म्हणायचंय का यांना? पण त्या तासाभरात त्यांनी जे विचारलं ते दुसरंच होतं. दुखणं निम्मं झालं तर पहिली गोष्ट कोणती करणार? मला उत्तर देता आलं नाही. इतक्या वर्षांत ‘कमी व्हावं’ यापलीकडे मी काही मागितलंच नव्हतं. घरी येऊन तीन गोष्टी लिहिल्या: एक तास उभं राहून शिकवायचं, रात्री सलग चार तास झोपायचं, फार दुखलं की घेते ती जास्तीची गोळी बंद करायची.

ट्रायलच्या दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये पोटाखाली उशी देऊन पालथं झोपवलं. पाठीत फक्त सुई पडते त्या जागेपुरती भूल, वर थोडं गुंगीचं औषध. पूर्ण भूल देत नाहीत, कारण मुंग्या कुठे येताहेत ते रुग्णानेच सांगायचं असतं. सुई कमरेच्या वरच्या भागात गेली. दुखलं नाही, पण आत खोल काहीतरी ढकलल्यासारखं जाणवत होतं आणि ते चांगलं नव्हतं. बाजूच्या पडद्यावर एक्स-रेमध्ये तार वर सरकताना दिसत होती. छातीच्या आठव्या-नवव्या मणक्यापर्यंत ती नेली. पाय दुखतोय आणि तार एवढी वर का, असं मी आधी विचारलं होतं. पायाकडून येणारे तंतू त्या उंचीवर मज्जारज्जूत एकत्र वर जात असतात, म्हणून.

मग वीज सोडली. आधी उजव्या कुशीत काहीतरी थरथरलं. “नाही, इथे नाही.” तार किंचित हलवली, कडी बदलली. मांडीच्या पुढे. “नाही.” पुन्हा बदल. आणि मग ती मांडीच्या मागून उतरली, पोटरीत शिरली, बरोबर त्याच वाटेने, जिथून सहा वर्षं आग जात होती. पायावरून उबदार वाळू घसरावी तशा मुंग्या. आगीच्या जागी दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं. “इथे. इथेच,” म्हणताना माझा आवाज फुटला. तळपाय मात्र अर्धाच भरला. पुष्कळ प्रयत्न झाले, टाचेच्या पुढे मुंग्या गेल्या नाहीत.

तारा पाठीवर चिकटपट्ट्यांनी बसवल्या, त्यांना जोडलेलं छोटं यंत्र कमरेच्या पट्ट्यात. आठ दिवस आंघोळ नाही, अंग पुसून घ्यायचं. वाकायचं नाही, वळायचं नाही, हात डोक्यावर न्यायचा नाही. पहिले चार दिवस मुंग्यांचा प्रोग्रॅम, पुढचे चार दिवस बिनमुंग्यांचा. रिमोट नवऱ्याकडे. सहाव्या आणि सातव्या दिवसांपैकी एक दिवस यंत्र बंद राहणार होतं. कोणता, ते फक्त त्याला आणि मॅडमना माहीत.

मी रोज रात्री दहापैकी एक आकडा चिठ्ठीवर लिहून घडी घालून द्यायची. तो वहीत त्याच्या नोंदी करायचा: किती मिनिटं उभी राहिले, रात्री किती वेळा उठले, जास्तीची गोळी घेतली का. त्या वहीत मी डोकावायचं नाही, असं ठरलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळीच पाय ठणकत होता. माझी खात्री पटली, आज बंद आहे. चिठ्ठीवर पाच लिहिलं. सातव्या दिवशी चार. आठव्या दिवशी चार. मनात म्हटलं, पकडलं की नाही.

तारा काढायला गेलो तेव्हा वही उघडली. बंद होता तो सातवा दिवस.

सहाव्या दिवशी मी चाळीस मिनिटं उभी राहिले होते, खिडकीपाशी, लेकीशी बोलत. सातव्या दिवशी बारा मिनिटं. बाकीचा दिवस पलंगावर. संध्याकाळी जास्तीची गोळी मागून घेतली होती, रात्री तीनदा उठले होते. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आकडा चार राहिला, कारण मी दिवसभर पडून होते. दुखणं वाढायला लागलं तसं मी हालचाल कमी केली, आणि इतकी वर्षं हेच करत आल्यामुळे तसं केल्याचं मला कळलंही नाही.

एका दिवसाने काही सिद्ध होत नाही, हे मी मुलांना शिकवते. तो दिवस मुळातच वाईट असू शकतो. तरीही त्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. दर भेटीत मला विचारत आले, “दहापैकी किती?” आणि मी जीव तोडून खरं उत्तर देत आले, पण त्या उत्तरात मी दिवसभर काय केलं आणि काय टाळलं, हे कधी नव्हतंच. कुणी ट्रायल करणार असेल तर माझी एवढी एकच विनंती आहे: घरातल्या कुणाला तरी वही द्या आणि आपला आकडा त्या वहीपासून वेगळा ठेवा.

कायमचं यंत्र पाच आठवड्यांनी बसलं. दोन छेद, एक पाठीच्या मधोमध, एक कमरेखाली डावीकडे बॅटरीसाठी. दोन्हींच्या मधली तार कातडीखालून ओढून नेतात. तो पट्टा पुढे तीन आठवडे जखमांपेक्षा जास्त दुखला, आणि त्याबद्दल आधी कुणी सांगितलेलं नव्हतं. बॅटरी चार्ज करायची आहे. आठवड्यातून एकदा पट्टा लावून तासभर बसते. दर काही वर्षांनी बदलावी लागणारी, चार्ज न करायची बॅटरीही मिळते. मला पुन्हा पुन्हा छेद नको होते.

अंगवळणी पडायला वेळ लागला तो अंगाची स्थिती बदलली की बदलणाऱ्या मुंग्यांना. मज्जारज्जू पाण्यासारख्या द्रवात तरंगत असते. उताणं झोपलं की ती मागे, तारेच्या जवळ येते आणि तेवढीच वीज एकदम जोरात लागते. पहिल्या रात्री कुशीवरून पाठीवर वळले आणि पाय नुसता थरारला. शिंक, खोकला, तेच. आता झोपताना बिनमुंग्यांचा प्रोग्रॅम लावते. मुंग्या चालू असताना गाडी चालवत नाही.

आणखी दोन गोष्टी यंत्र घेण्याआधी विचारून घ्या. हे यंत्र आणि हीच तार अंगात असताना एमआरआय करता येईल का आणि कोणत्या अटींवर. सगळ्यांचं उत्तर सारखं नसतं. आणि फिजिओथेरपीत आमच्यासारख्यांना ओळखीचा असलेला डायथर्मीचा, म्हणजे विद्युतलहरींच्या यंत्राने देतात तो शेक यापुढे कायमचा बंद. तारेतून उष्णता जाऊन मज्जारज्जूला इजा होऊ शकते. मी तो शेक पूर्वी कितीतरी वेळा घेतलाय, त्यामुळे यंत्राच्या ओळखकार्डाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय.

दहाव्या आठवड्यात घात झाला. तार भोवतालच्या ऊतींत रुजेपर्यंत वाकणं, वळणं, उचलणं टाळायचं असतं. मी सहा-आठ आठवडे जिवापाड जपलं आणि मग बरं वाटायला लागलं म्हणून सैल झाले. गाडीत पुढे बसून मागच्या सीटवरची वह्यांची पिशवी वळून ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंग्या पायात नव्हत्या, पोटाच्या डाव्या बाजूने पट्टा आवळावा तशा फिरत होत्या. एक्स-रेत दिसलं, एका तारेचं टोक खाली उतरून बाजूला कललं होतं. त्या रात्री नवरा काही बोलला नाही. लेकीने मात्र विचारलं, “आई, आता परत ऑपरेशन?”

ते टळलं. प्रोग्रॅमिंग करणाऱ्या तंत्रज्ञाने दोन तास बसून दुसऱ्या तारेवरची कडी जोडून पाहिली. पोटरी परत मिळाली, मांडी मिळाली. टाच गेली. आज टाच आणि तळपाय मिळून आग आहे तशी आहे, अगदी पहिल्यासारखी.

बाकीचं सांगायचं तर, पहिला आणि दुसरा तास मी उभी राहून शिकवते, तिसऱ्याला खुर्ची लागते. सलग चार तास झोप आठवड्यातून चार-पाच रात्री मिळते. प्रीगॅबालिन मॅडमच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवून एक तृतीयांशावर आलंय आणि समीकरणाच्या पायऱ्या पुन्हा आपल्या आपण येतात. जास्तीची गोळी बंद झालेली नाही. तिसरी गोष्ट अजून वहीत तशीच आहे.

पुढच्या महिन्यात पुन्हा प्रोग्रॅमिंगची तारीख आहे. टाच मिळते का, ते बघायचंय. नाही मिळाली तर तार पुन्हा वर न्यायचं ऑपरेशन करता येईल, असं मॅडम म्हणतात. मी सध्या ‘नको’ म्हणतेय, नवरा ‘बघू’ म्हणतोय. वहीतल्या नोंदी त्यानेच चालू ठेवल्यात. तारखेला जाताना ती बरोबर नेणार आहोत.